येरवडा : लढाईमागून आलेला कारभार

येरवड्याच्या लढाईचा उल्लेख शालेय पुस्तकांत क्वचितच सापडतो. खडकीची लढाई असते, कोरेगावची असते, आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले हेही असते. पण पुणे इंग्रजांच्या हाती गेले ते येरवड्याच्या उतारावर झालेल्या चकमकीनंतर. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला दोन्ही फौजा भिडल्या. त्याच दिवशी मुळा-मुठेच्या संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली आणि रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह तिच्यासोबत खाक झाला. १३ तारखेला जनरल स्मिथची कुमक येऊन पोचली. १६ च्या संध्याकाळी त्याच्या फौजेची एक तुकडी येरवड्याला नदी उतरू लागली. गोखल्यांच्या लोकांनी तिला अडवले, दोन्हीकडची माणसे पडली, आणि रात्रीतून पेशव्यांनी तळ उठवून साताऱ्याची वाट धरली. १७ तारखेला शहर स्वाधीन झाले आणि बाळाजीपंत नातूंनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवले.

युद्ध आणि राज्यकारभार मिळून राष्ट्रे कशी घडवतात, हा प्रश्न जगभरच्या अभ्यासकांनी मोठमोठ्या ग्रंथांतून मांडला आहे. मला तो येरवड्यावरून मांडावासा वाटतो. या एका गावाच्या परिसरात नदीचा उतार आहे, तुरुंग आहे, डेक्कन कॉलेज आहे, नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस आहे आणि नदीपलीकडे खडकीची छावणी आहे. १८१७ पासून १९७७ पर्यंतच्या प्रत्येक मोठ्या युद्धाने इथे काही ना काही मागे ठेवले. सैन्ये निघून गेली. त्यांच्या मागून आलेले अधिकार, कायदे आणि कागद मात्र राहिले. युद्धाचा सर्वांत दीर्घ परिणाम रणांगणावर दिसत नाही. सरकारच्या हाती जो जादा अधिकार जातो आणि युद्ध संपल्यावर परत मागितला जात नाही, तो हा परिणाम.

अमेरिकन अभ्यासक चार्ल्स टिली यांनी युरोपच्या इतिहासावरून असे दाखवले की युद्ध आणि राज्य एकमेकांना घडवत गेले. लढायला पैसा लागतो, पैशासाठी कर लागतो, करासाठी कारकून, मोजणी आणि दप्तर लागते, आणि हे सारे उभे करता करता राज्य पक्के होते. इंग्लंडचे उदाहरण लख्ख आहे. फ्रान्सशी लढण्यासाठी कर्ज हवे होते म्हणून १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली. कर्जामागे पार्लमेंटने मंजूर केलेल्या करांचे तारण होते, म्हणून सावकारांनी निर्धास्तपणे पैसा दिला. मराठी राज्यातही सावकार होते, दप्तर होते आणि शतकभराच्या लढायाही होत्या. मग हा नियम इथे का लागू पडला नाही?

याचे एक उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आधीच सापडते. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या या ग्रंथात टोपीकर, म्हणजे युरोपीय, व्यापाऱ्यांना इतर व्यापाऱ्यांसारखे समजू नये, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, त्यांना समुद्रकाठी पक्की जागा देऊ नये, असा सावधगिरीचा विचार आहे. परराष्ट्रसंबंधांचे इतके स्वच्छ भान असलेल्या राज्यातच पुढे दुसऱ्या बाजीरावांच्या काळात महसूल मक्त्याने दिला जाऊ लागला. जास्त बोली लावणाऱ्याला परगणा मिळे आणि तो आपली रक्कम रयतेकडून पिळून काढी. सरदार आपापल्या मुलखाच्या उत्पन्नावर आपापली फौज पोसत. होळकर, शिंदे, भोसले, गायकवाड यांची सैन्ये बलाढ्य होती, पण त्या सर्वांच्या खर्चाला बांधणारी एक तिजोरी पुण्यात नव्हती. टिलींच्या साखळीतली मधली कडी, म्हणजे लढाईचा खर्च कायमच्या करव्यवस्थेत बसवणे, इथे निसटली.

आणि मग आला वसईचा तह. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईत त्यांनी इंग्रजांशी तह केला. त्या तहाची कलमे आजच्या वाचकाने एकदा सावकाश वाचावीत. किमान ६,००० पायदळाची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात कायम राहणार होती. तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा होता. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय राष्ट्रांचा माणूस नोकरीत ठेवायचा नव्हता. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले तंटे इंग्रजांच्या लवादाने मिटवायचे होते. म्हणजे फौज परक्याची, तिचा पगार आपल्या जमिनीतून, आणि शेजाऱ्यांशी बोलायचे तेही परक्याच्या मध्यस्थीने. सार्वभौमत्वाचे तीन खांब एका कागदात काढून घेतले गेले. त्यानंतरची असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, वेलिंग्टनच्या चरित्रात फार मोठी आहे. माझ्या मते निकाल वसईतच लागला होता.

राहिलेले काम १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने केले. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपूरला १८१५ मध्ये खून झाला, पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आळ आला, ते ठाण्याच्या तुरुंगातून निसटले, आणि एल्फिन्स्टनने हा सगळा प्रसंग पेशव्यांवर दबाव आणायला वापरला. त्या तहात बाजीरावांना मराठेशाहीचे प्रमुखपद लेखी सोडून द्यावे लागले आणि इतर दरबारांत वकील न ठेवण्याचे कबूल करावे लागले. आजच्या भाषेत सांगायचे तर परराष्ट्र खातेच बंद झाले. पाच महिन्यांनी खडकी आणि येरवडा झाले ते त्या कागदाविरुद्धचे शेवटचे बंड होते. ३ जून १८१८ ला बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाले आणि सालाना आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेले.

इथून पुढचे काम पाहिले की जिंकणाऱ्याची हुशारी लक्षात येते. एल्फिन्स्टनने घाई केली नाही. साताऱ्याची गादी प्रतापसिंहांना दिली, पुष्कळशा सरदारांच्या जहागिरी आणि इनामे राखली, पेशव्यांच्या दक्षिणेचा पैसा बंद न करता त्यातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तीच पुढे वाढत डेक्कन कॉलेज झाली आणि येरवड्याच्या माळावर तिची दगडी इमारत उभी राहिली. टिळक तिथे शिकले. पण हा मऊपणा टिकला नाही. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत केले, १८४८ मध्ये सातारा खालसा झाले, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन लोकांची सनदापत्रे तपासत बसले. १८७५ मध्ये सुप्यापासून पेटलेले दख्खनचे दंगे सावकारांच्या वह्या जाळणारे होते, यात मला नवल वाटत नाही. जमीनमहसुलाची रोख मागणी ठरावीक तारखेला यायची, पाऊस तारखेला येत नसे, आणि कुळाला सावकाराकडे जावेच लागे.

एल्फिन्स्टनच्या काळात झालेली एक गोष्ट मात्र इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकली जाते. १८२७ मध्ये एल्फिन्स्टनने मुंबई इलाख्यासाठी नियमांची संहिता लागू केली. तिच्यातला पंचविसावा नियम सरकारला असा अधिकार देत होता की राज्याच्या सुरक्षिततेसाठी कोणालाही खटल्याशिवाय कैदेत ठेवता यावे. बंगालमध्ये असाच तिसरा नियम १८१८ चा, म्हणजे आपले राज्य बुडाले त्याच वर्षाचा. त्याच्या प्रस्तावनेत परकीय सत्तांशी केलेले तह पाळणे, संरक्षणाखालच्या संस्थानिकांच्या मुलखात शांतता राखणे, परचक्र आणि अंतर्गत गडबड यांपासून बचाव करणे, ही कारणे दिली आहेत. नव्याने जिंकलेल्या मुलखात पदच्युत राजे, रुसलेले सरदार आणि बेकार झालेले शिपाई फिरत होते. त्यांच्यावर खटला चालवायला गुन्हा सापडेलच असे नव्हते. त्या परिस्थितीसाठी तो अधिकार घडवला होता. परिस्थिती दहा-वीस वर्षांत निवळली आणि नियम जागच्या जागी राहिला.

१८९७ मध्ये तो पुण्यावर उतरला. प्लेग आला होता. रँडच्या प्लेग समितीने घरांच्या झडतीसाठी गोरे सोल्जर वापरले. एका साथीच्या कारभारात फौज आणली गेली, देवघरात आणि माजघरात बुटांचे पाय गेले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सरकारने दोन वाटा धरल्या. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. त्यांनी त्यातला काही काळ येरवड्याच्या तुरुंगात काढला. सरदार नातू बंधूंना मात्र खटला नाही, आरोपपत्र नाही, १८२७ च्या पंचविसाव्या नियमाखाली उचलून नेले. रँडच्या खुनासाठी दामोदर चाफेकरांना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांचे भाऊ वासुदेव आणि बाळकृष्ण व साथीदार महादेव रानडे यांना त्याच तुरुंगात फासावर चढवले. चाफेकरांना निदान न्यायासन तरी दिसले, नातू बंधूंना तेही दिसले नाही. या फरकाकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण शिक्षेपेक्षा स्थानबद्धता सौम्य असते असे मानण्याची आपल्याला सवय आहे. शिक्षेला मुदत असते आणि कारण असते. स्थानबद्धतेत दोन्ही सरकारच्या मर्जीवर असतात.

पहिल्या महायुद्धाने या चित्रात दुसरी बाजू आणली. तिचे श्रेय त्याला दिले पाहिजे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे आणि मराठा पलटणींचे जवान मेसोपोटेमियात लढले. लोकांची गरज लागली की सरकारला लोकांशी बोलावे लागते. ऑगस्ट १९१७ मध्ये माँटेग्यूंनी जबाबदार राज्यपद्धतीचे आश्वासन दिले आणि १९१९ मध्ये सुधारणा कायदा आला. पारतंत्र्यात असूनही हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा मूळ सदस्य झाला. ब्रिटनमध्ये १९१८ साली स्त्रियांना मर्यादित मताधिकार मिळाला तोही युद्धातल्या कामाच्या पाठीवर. येरवड्यावरून नगर रस्त्याने महार शिपायांची नावे असलेल्या कोरेगावच्या स्तंभाकडे जाणाऱ्यांना हा हिशेब फार पूर्वी कळला होता. महारांची लष्करभरती १८९० च्या दशकात बंद झाली, तेव्हा पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये विलायत सरकारकडे अर्ज पाठवून ती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये मोडलीही गेली. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला कोरेगावला गेले, त्यामागे ही फसवणूक ताजी होती. माणूस रणात चालतो पण पाणवठ्यावर चालत नाही, हा राग त्या मागणीच्या मुळाशी आहे.

त्याच युद्धाने १९१५ चा भारत संरक्षण कायदाही दिला. तो युद्ध संपल्यावर सहा महिन्यांनी संपणार होता. सरकारला त्यातले अधिकार सोडवेनात, म्हणून मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आणला गेला, आणि महिनाभरात जालियनवाला बाग घडली. मुदत संपत आलेला युद्धकायदा शांततेत नेऊन बसवण्याचा हट्टच गांधीयुगाला जन्म देऊन गेला.

गांधींना मार्च १९२२ मध्ये अहमदाबादेत सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते येरवड्याला आले. ते येणे खटल्यानंतरचे होते. ५ मे १९३० ला मिठाच्या सत्याग्रहात त्यांना पकडले तेव्हा खटला नव्हता. त्यांना येरवड्याला धाडले ते १८२७ च्या पंचविसाव्या नियमाखाली. ४ जानेवारी १९३२ लाही तसेच. येरवड्याच्या उतारावर जिंकलेले राज्य सांभाळायला केलेला नियम एकशे तीन वर्षांनी त्याच गावच्या तुरुंगात जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कैद्यावर लागू होत होता. कारभाराचे आयुष्य युद्धापेक्षा किती मोठे असते याचा यापेक्षा ठसठशीत दाखला माझ्या माहितीत नाही.

पण त्याच भिंतींआड उलटेही घडले. ऑगस्ट १९३० मध्ये सप्रू आणि जयकर तहाची बोलणी घेऊन आले. त्यासाठी मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरूंना नैनीच्या तुरुंगातून येरवड्याला आणले गेले. कैदी कैद्यांशी सल्लामसलत करत होते आणि सरकार बाहेर उत्तराची वाट पाहत होते. तो प्रयत्न फसला, पण ज्याला कैद केले त्याच्याशीच बोलावे लागते हे सरकारने मान्य केल्यासारखे झाले.

सप्टेंबर १९३२ ची गोष्ट अधिक जवळून पाहण्यासारखी आहे. ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांच्या निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले आणि प्रांतिक विधिमंडळांत त्यांना ७१ जागा मिळणार होत्या. गांधींनी २० सप्टेंबरला आमरण उपोषण सुरू केले. तुरुंगाच्या आवारात आंब्याखाली खाट होती आणि तिथे बोलणी चालत. आंबेडकरांवर देशभरातून जो दबाव येत होता, त्याची कल्पनाही आज करवत नाही. गांधींच्या प्राणांची जबाबदारी त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर टाकली गेली होती, आणि ते अन्यायाचे होते. तरी ते एकेका कलमावर अडून बसले. राखीव जागा ७१ वरून १४८ वर गेल्या. प्रत्येक जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची निवड करावी आणि मग संयुक्त मतदान व्हावे, असे ठरले. राखीव जागांची व्यवस्था किती वर्षांनी लोकमताने तपासायची, यावर बोलणी तुटायला आली होती. आंबेडकर दहा वर्षे म्हणत होते, गांधी पाच. शेवटी मुदत लिहायचीच नाही, परस्परसंमतीने ठरवायची, यावर तोड निघाली. २४ सप्टेंबरला सह्या झाल्या. अस्पृश्यांतर्फे आंबेडकरांची, सवर्णांतर्फे मालवीयांची. गांधींची सही त्या करारावर नाही.

पुणे करार म्हणजे तह होता, आणि तो वसईच्या तहाशेजारी ठेवून वाचावा असे मला वाटते. दोन्हींत एक बाजू कोंडीत सापडलेली होती. वसईत सापडलेल्याने आपले निर्णय दुसऱ्याच्या हाती दिले. येरवड्यात सापडलेल्याने संख्या, टक्के आणि निवडणुकीची रीत पदरात पाडून घेतली. आंबेडकरांनी पुढे या करारावर कठोर टीका केली, ती रास्त होती, कारण संयुक्त मतदारसंघात निवडून येणारा माणूस बहुसंख्याकांच्या मतांवर अवलंबून राहिला. तरी करार १९३५ च्या कायद्यात शिरला आणि राखीव जागांची कल्पना तिथून संविधानापर्यंत पोचली. तोफ न उडता झालेला तोच या गावातला सर्वांत दूरगामी तह.

दुसऱ्या महायुद्धात येरवडा पुन्हा जगाच्या नकाशावर आले. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधींना आगाखान पॅलेसमध्ये डांबले. १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तिथेच वारले, २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. १० फेब्रुवारी १९४३ पासून गांधींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून तीन हिंदी सभासदांनी राजीनामे दिले. त्यांत यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे होते. रूझवेल्टचे प्रतिनिधी विल्यम फिलिप्स दिल्लीत होते. त्यांनी गांधींना भेटण्याची परवानगी मागितली, व्हाइसरॉय लिनलिथगोंनी ती नाकारली. अटलांटिक सनदेत सर्व लोकांना आपली राज्यपद्धती निवडण्याचा हक्क कबूल करणारे दोस्त नगर रस्त्यावरच्या एका वाड्याच्या फाटकापाशी थांबले. अमेरिकेला हिटलरविरुद्ध ब्रिटन हवा होता आणि त्या हिशेबात हिंदुस्थानचा प्रश्न मागे पडला. राष्ट्राराष्ट्रांचे संबंध असेच चालतात. तरीही ती नकाराची नोंद ब्रिटनला महागात पडली, कारण साम्राज्याच्या नैतिक बाजूवरचा अमेरिकेतला विश्वास त्या वर्षात ढासळला.

स्वातंत्र्यानंतर ही वाट बंद व्हायला हवी होती. संविधानाच्या बाविसाव्या कलमातच प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा राहिली, आणि संविधान लागू झाले त्याच वर्षी, १९५० मध्ये, तसा कायदाही झाला. २६ ऑक्टोबर १९६२ ला चीनच्या आक्रमणामुळे आणीबाणी पुकारली. युद्ध महिनाभरात थांबले, आणीबाणी १० जानेवारी १९६८ पर्यंत चालली. १९७१ मध्ये पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे येत असताना अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे मिसा, मंजूर झाला. ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानशी युद्धामुळे बाह्य आणीबाणी लागली, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, आणि ती आणीबाणी २७ मार्च १९७७ पर्यंत उठली नाही. जून १९७५ मध्ये अंतर्गत आणीबाणी तिच्यावर चढवली गेली. युद्धासाठी मिळालेला मिसा हाताशी होताच. येरवडा तुरुंग मिसाबंदींनी भरला. सरसंघचालक बाळासाहेब देवरस तिथे होते, समाजवादी होते, मार्क्सवादी होते. एरवी एका व्यासपीठावर न येणारी माणसे एका बराकीत आली. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. बहुमतात पुण्यात जन्मलेले न्या. य. वि. चंद्रचूड होते. त्यांच्या मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात तो निर्णय चुकीचा ठरवला.

१९७८ मध्ये मिसा रद्द झाला आणि ४४ वी घटनादुरुस्ती झाली. अंतर्गत गडबडीऐवजी सशस्त्र उठाव हे कारण आले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक झाला, दर सहा महिन्यांनी संसदेची मान्यता आवश्यक झाली, जीविताचा हक्क निलंबित करता येणार नाही असे ठरले. एवढे चांगले काम फार थोड्या संसदांनी केले असेल. पण १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, १९८१ मध्ये महाराष्ट्राने धोकादायक कृत्यांना प्रतिबंध करणारा कायदा, म्हणजे एमपीडीए, केला, आणि यांना युद्धाची गरजच नव्हती. पुण्याच्या वृत्तपत्रांत आजही बातमी येते की अमक्या सराईताला एमपीडीएनुसार वर्षभरासाठी स्थानबद्ध करून येरवड्याला रवाना केले. त्यातले बरेच जण खरोखर धोकादायक असतील. पण ते ठरवण्यासाठीच न्यायालये असतात. परचक्राच्या भीतीने जन्मलेले हत्यार गल्लीतल्या गुंडगिरीवर चालवायची सवय लागली, की पोलिसांची तपासाची आणि सरकारी वकिलांची साक्षीपुराव्याची मेहनत कमी होते. त्याचे नुकसान शेवटी गल्लीलाच होते.

४४ व्या दुरुस्तीचे तिसरे कलम असे होते : सल्लागार मंडळाच्या मताशिवाय कोणालाही तीनऐवजी दोनच महिने ठेवता येईल, आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने, न्यायाधीशांचेच असेल. संसदेने ते मंजूर केले. ते अमलात आणण्याची तारीख जाहीर करणे सरकारवर सोपवले होते. वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली. त्यांतल्या अनेकांचे नेते स्वतः मिसाबंदी होते. ती तारीख अजून जाहीर झालेली नाही.